वाहिनी कोणाची, चावी कोणाच्या हाती?

(गारखेडा, छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गारखेड्यातल्या कोणत्याही गृहिणीला पाणी कोण देते असे विचारले, तर महापालिकेचे नाव घेण्याआधी ती चावीवाल्याची आठवण काढील. नाथसागरापासून शहरापर्यंत आलेली वाहिनी, फारोळ्याचे शुद्धीकरण केंद्र, वस्तीतल्या टाक्या हे सारे कायद्याने महापालिकेचे. परंतु कोणत्या गल्लीला आज पाणी मिळावे आणि कोणत्या गल्लीने आणखी दोन दिवस वाट पाहावी, याचा अनुभव येतो तो चावी फिरवणाऱ्या हाताकडून. मालकी ही एक गोष्ट आहे आणि ताबा ही दुसरी, हा सिद्धांत या वस्तीला पुस्तकावाचून समजलेला आहे.

समांतर जलवाहिनीच्या प्रकरणात हाच सिद्धांत साऱ्या शहराने मोठ्या अक्षरांत वाचला. २०११ साली करार झाला, २०१४ साली शहराच्या पाण्याचा कारभार एका खासगी कंपनीच्या हाती गेला आणि २०१६ साली महापालिकेला तो करार रद्द करून कारभार परत घ्यावा लागला. या काळात वाहिनीचा एक फूटही विकला गेला नव्हता. ‘मालकी महापालिकेचीच आहे’ असे अधिकारी सांगत होते, आणि ते खोटे बोलत नव्हते. केवळ वाहिनी चालवायची कोणी, दर वसूल करायचे कोणी आणि गाऱ्हाणे ऐकायचे कोणी, एवढेच काय ते बदलले होते! पण नागरिकाच्या दृष्टीने त्यापलीकडे उरतेच काय?

आजचा विषय पाण्याचा नाही, तेलाचा आहे. पण पाण्याच्या वाहिनीने शिकवलेला धडा हाताशी धरला, तर तेलाच्या वाहिनीचे राजकारण समजण्यास अडचण पडत नाही. शिवाय ती वाहिनी वाटते तितकी दूर नाही. या शहराच्या पंपांवर येणारे पेट्रोल आणि डिझेल मुख्यतः मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकरने येते. पानेवाडीला ते मुंबईहून जमिनीखालच्या वाहिनीने पोहोचते. मुंबईत ते तयार होते तुर्भ्याच्या म्हणजे ट्रॉम्बेच्या शुद्धीकरण कारखान्यांत. आणि त्या कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या तेलाचा एक भाग येतो अरबी समुद्रातल्या मुंबई हायवरून, उरणमार्गे, समुद्राच्या तळावरून टाकलेल्या वाहिनीने. जानेवारी २०२४ च्या आरंभी नव्या न्याय संहितेतील अपघातविषयक कलमाविरुद्ध टँकरचालकांनी पानेवाडीत काम थांबवले, तेव्हा मराठवाड्यातल्या पंपांपुढे रांगा लागल्या. साखळीची एक कडी थांबली की दुचाकीवर कामाला जाणारा गारखेड्यातला कामगारही थांबतो.

वाहिनी ही मक्तेदारीच

तेलवाहिनीचे एक वैशिष्ट्य प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. बाजारात दुकानाशेजारी दुसरे दुकान निघू शकते. वाहिनीशेजारी दुसरी वाहिनी सहसा निघत नाही. एवढा खर्च दोनदा करणे कोणालाच परवडत नाही. म्हणून वाहिनी स्वभावतःच मक्तेदारी असते. एका टोकाला तेल काढणारा आणि दुसऱ्या टोकाला तेल शुद्ध करणारा, दोघांचीही मान तिच्या हाती असते. अमेरिकेत १८७० च्या दशकात रॉकफेलरने तेलविहिरींच्या मागे लागण्याऐवजी शुद्धीकरण आणि वाहतूक ताब्यात घेतली, आणि विहिरींचे मालक आपोआप त्याच्या दारी आले. त्या भांडवलशाही देशालासुद्धा अखेर १९०६ साली कायदा करून वाहिन्यांवर सर्वांचे तेल समान अटींवर वाहण्याचे बंधन घालावे लागले. तेव्हा वाहिनी खुल्या स्पर्धेवर सोडावी हा युक्तिवाद मुळातच पोकळ आहे. वाहिनीत स्पर्धा नसते. तेथे सार्वजनिक मक्तेदारी असते किंवा खासगी मक्तेदारी असते.

स्वातंत्र्यानंतरच्या भारताने खासगी मक्तेदारीची चव पुरेपूर घेतली. १९५१ ते १९५३ या काळात भारत सरकारने परदेशी तेल कंपन्यांशी शुद्धीकरण कारखान्यांचे करार केले. त्यांनुसार तुर्भ्याला १९५४ व १९५५ साली स्टँडर्ड व्हॅक्युम आणि बर्मा शेल यांचे कारखाने सुरू झाले, आणि विशाखापट्टणमला कॅलटेक्सचा. पंचवीस वर्षे राष्ट्रीयीकरण करणार नाही, असे अभिवचन सरकारने दिले होते. कच्चे तेल कोठून आणायचे हे कंपन्याच ठरवणार होत्या. १९६० साली सोव्हिएत रशियाने स्वस्त दराने कच्चे तेल देऊ केले, तेव्हा या कंपन्यांनी ते शुद्ध करण्यास साफ नकार दिला. जमीन भारताची, मजूर भारताचे, गिऱ्हाईक भारताचे. पण कारखान्याच्या तोटीत कोणाचे तेल जावे हे लंडन आणि न्यूयॉर्कने ठरवायचे! केशवदेव मालवीय यांच्यासारख्या मंत्र्याने सार्वजनिक तेल उद्योगाचा आग्रह का धरला, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे.

इराणचा अनुभव तर याहून कडू आहे. १९५१ साली मोसादेक यांच्या सरकारने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. विहिरी इराणच्या झाल्या, अबादानचा प्रचंड कारखाना इराणचा झाला. परंतु ब्रिटिश कंपनीने आपले तंत्रज्ञ काढून घेतले आणि तेल वाहून नेणाऱ्या जहाजांची कोंडी केली. मालक तेलावर बसून राहिला आणि तेल विकता येईना. १९५३ साली ब्रिटन व अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांच्या मदतीने ते सरकार उलथवण्यात आले. त्यानंतर १९५४ साली झालेल्या करारात विजेत्यांनी मोठा शहाणपणा दाखवला. तेलाची मालकी त्यांनी इराणच्या राष्ट्रीय कंपनीच्या नावावर राहू दिली. उद्योग चालवण्याचा अधिकार मात्र परदेशी कंपन्यांच्या संघाकडे गेला. झेंडा इराणचा आणि चावी संघाची. पुढे जगभर ज्या युक्तीचा उपयोग झाला, तिचा हा जुना नमुना होय.

चावी हाती आली तो काळ

भारतात राष्ट्रीयीकरण झाले ते १९७४ ते १९७६ या वर्षांत. एस्सो ही कंपनी १९७४ साली संसदेच्या कायद्याने ताब्यात घेण्यात आली आणि तिच्यातून हिंदुस्थान पेट्रोलियम निर्माण झाली. १९७६ च्या जानेवारीत बर्मा शेलची पाळी आली; तिचीच पुढे भारत पेट्रोलियम झाली. १९७६ च्या अखेरीस कॅलटेक्सही ताब्यात आली. या यशाला एक आधार होता, त्याचा उल्लेख पुष्कळदा होत नाही. १९५६ साली स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाने देशाचे स्वतःचे तंत्रज्ञ तयार केले होते. जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या नौकेने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या पोटात तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. प्रथम तेल जहाजांनी आणले जाई; पावसाळ्यात समुद्र खवळला की हे काम जिकिरीचे होई. १९७८ साली उरणपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची वाहिनी सुरू झाली आणि पुरवठ्याची जहाजांवरची मदार संपली.

ही वाहिनी चालवणे म्हणजे काय, हेही पाहण्यासारखे आहे. विहिरीतून निघणारे तेल निर्मळ नसते. त्यात वायू असतो, पाणी असते. समुद्रातल्या फलाटांवर ते वेगळे करावे लागते. मग पंपांच्या दाबाने तेल वाहिनीत ढकलले जाते. वाहिनीत मेण साचते, गंज चढतो, म्हणून आतून साफसफाई करणारी यंत्रे नियमित सोडावी लागतात. दाब किंचित घसरला तरी नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाने तो घसरला का, याचा छडा त्याच वेळी लावायचा असतो. उरणला तेल स्थिर करून तुर्भ्याकडे पाठवले जाते, वायू वेगळा काढला जातो. त्या वायूवर उरणचे वीजकेंद्र चालते आणि थळच्या कारखान्यात खत तयार होते. समुद्रात वाहिनी टाकणारी जहाजे आरंभी परदेशी कंत्राटदारांची होती. परंतु दिवसरात्र ती चालवण्याची विद्या भारतीय अभियंते आणि कामगार शिकले. १९८० च्या दशकाच्या मध्यास देशातल्या एकूण तेल उत्पादनाचा निम्म्याहून अधिक भाग या समुद्रातून येत होता. राष्ट्रीयीकरणाचा कायदा संसदेत झाला. पण चावी देशाच्या हाती आली ती या माणसांमुळे.

न विकता सोडून देणे

यानंतरचा इतिहास उलट्या दिशेने चालतो. तो उघड विक्रीपेक्षा चोरपावलांनी अधिक चालला, म्हणून कार्यकर्त्यांनी तो बारकाईने वाचला पाहिजे.

१९९३ साली आयोगाची कंपनी झाली. १९९४ च्या डिसेंबरात, आयोगाने शोधलेली पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही सागरी क्षेत्रे नव्या भागीदारीत देण्यात आली. ओएनजीसीला ४० टक्के, रिलायन्सला ३० टक्के आणि एन्रॉनला ३० टक्के. दाभोळच्या आंदोलनामुळे एन्रॉनचे नाव महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचले; समुद्रात तेच नाव तेल काढत होते याची चर्चा मात्र क्वचितच झाली. एन्रॉन बुडाली आणि २००२ साली तिचा हिस्सा ब्रिटिश गॅसने घेतला, तेव्हा भागीदारांत वाद उभा राहिला तो क्षेत्र चालवण्याचा अधिकार कोणाचा, यावरून. भांडवलदारांना चावीचे मोल कळते. शोध ज्यांनी लावला त्यांच्याकडे ती क्षेत्रे पूर्णपणे परत आली ती २०१९ च्या डिसेंबरात, पंचवीस वर्षांचा करार संपल्यावर. तोवर त्यांतला ऐन बहर ओसरून गेला होता.

तुर्भ्याच्या कारखान्यांचे काय झाले? हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम विकण्याचा घाट सरकारने घातला, तेव्हा सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अडवला. ज्या कंपन्या संसदेच्या कायद्याने ताब्यात आल्या, त्या संसदेने कायदा बदलल्यावाचून विकता येणार नाहीत, असा तो निर्णय होता. सत्तरीतल्या कायद्यांनी तीस वर्षांनंतर अशी राखण केली. मग २०१६ साली काय झाले? कालबाह्य कायदे रद्द करणाऱ्या एका विधेयकात, शेकडो निरुपयोगी कायद्यांच्या लांबलचक यादीत, एस्सो, बर्मा शेल आणि कॅलटेक्स यांचे राष्ट्रीयीकरण करणारे कायदेही रद्द झाले. अडगळ काढताना घराचे कुलूपही भंगारात गेले. २०१८ च्या जानेवारीत हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा हिस्सा ओएनजीसीला ३६,९१५ कोटी रुपयांना विकला गेला; म्हणजे एका सार्वजनिक कंपनीने कर्ज काढून दुसरी घेतली आणि पैसा सरकारी तिजोरीत गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत पेट्रोलियममधील सुमारे ५३ टक्के हिस्सा विकण्याचे ठरले. २०२२ च्या मे महिन्यात तो बेत गुंडाळावा लागला, तो पुरेसे ग्राहक न उरल्यामुळे. धोरण बदलले म्हणून नव्हे.

ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालेली राष्ट्रीय मुद्रीकरण योजना ही याची पुढची पायरी. सहा लाख कोटी रुपयांच्या त्या योजनेत रस्ते आणि रेल्वेबरोबर वायूच्या आणि पेट्रोलियम पदार्थांच्या वाहिन्यांचाही समावेश होता. सरकारने ठासून सांगितले की मालकी सरकारकडेच राहील, केवळ चालवण्याचा अधिकार ठरावीक काळापुरता दिला जाईल. इराणच्या १९५४ च्या कराराची आणि या शहराच्या समांतर जलवाहिनीची आठवण कोणाला येऊ नये?

या कथेचे शेवटचे प्रकरण ताजे आहे. मुंबई हायचे घटते उत्पादन वाढवण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने बीपी या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा पुरवणारी भागीदार म्हणून दहा वर्षांसाठी निवड केली. बीपी म्हणजे कोण? अबादानवरून इराणशी भांडलेली कंपनी तीच. १९०९ साली बर्मा ऑइलने तिला जन्म दिला आणि २००० साली तिने बर्मा ऑइलच्या वारसालाच गिळले. १९७६ साली ज्या घराण्याला भारताने दाराबाहेर पाठवले, त्याचा वंशज सल्लागार म्हणून अंगणात आला आहे. न्यायाने बोलायचे तर ही विक्री नाही. मालकी आणि चालवण्याचा अधिकार दोन्ही ओएनजीसीकडेच राहतील असे जाहीर झाले आहे. जुन्या क्षेत्रातून तेल काढण्यास नवे तंत्र लागते, हेही खरे. परंतु वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नात मोबदल्याचा वाटा असेल, तर वाढीव म्हणजे कशाहून वाढीव आणि ते मोजणार कोण, हे जनतेला कळलेच पाहिजे.

सार्वजनिक म्हणजे कोणाचे?

येथपर्यंतचे विवेचन कोणत्याही समाजवादी सभेत टाळ्या घेईल. पण ते येथेच थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. सार्वजनिक क्षेत्र विकू नका, ही घोषणा देऊन मोर्चा उरणला गेला आणि तेथल्या कोळ्याने विचारले, ‘हे क्षेत्र आमचे कधी होते?’, तर त्याला काय सांगायचे?

जानेवारी २०११ मध्ये मुंबई हाय ते उरण या वाहिनीला समुद्रात गळती लागली. ऑक्टोबर २०१३ मध्ये उरणच्या किनाऱ्यावर कच्चे तेल पसरले. जाळी काळी झाली ती कोळ्यांची. उरण परिसरातल्या पारंपरिक मच्छीमारांनी न्याय मागितला, तेव्हा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तो आदेश कोणाविरुद्ध होता? जवाहरलाल नेहरू बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांच्याविरुद्ध. तिन्ही संस्था सरकारी! मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्यांतली ७० हून अधिक गेली. ती ओएनजीसीच्या कामावर होती, पण ओएनजीसीची नव्हती. ती कंत्राटदाराची होती. तेल राष्ट्राचे आणि ते काढताना मरणारा माणूस कंत्राटदाराचा, ही विभागणी कोणत्या समाजवादात बसते?

जमिनीवरची वाहिनी पाहिली तरी तेच दिसते. १९६२ च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्याने सरकार शेतकऱ्याची जमीन घेत नाही. जमिनीच्या वापराचा हक्क तेवढा घेते. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. पण त्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. पिकाच्या नुकसानीखेरीज या हक्काचा मोबदला ठरला आहे तो जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के. म्हणजे नावाची मालकी आणि प्रत्यक्ष ताबा यांतला फरक सरकारला चांगला कळतो. शेतकऱ्याकडून घेताना तो ताबा एक दशांशात मोजला जातो. कंपन्यांना देताना मात्र ‘मालकी तर सरकारचीच’ म्हणून समजूत घातली जाते.

आणि पानेवाडी? तेथील तेलाच्या साठ्यांभोवती भेसळीचा काळा धंदा किती माजला होता, हे २५ जानेवारी २०११ रोजी साऱ्या देशाने पाहिले. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. वाहिनी सार्वजनिक, साठवण सार्वजनिक. पण दारातून बाहेर पडणाऱ्या टँकरचा हिशेब जनतेच्या हाती नव्हता. तो मागणारा एक प्रामाणिक अधिकारी एकटा पडला.

तेव्हा मालकी आणि ताबा यांना तिसरी गोष्ट जोडली पाहिजे, ती हिशेबाची. १९७४ ते ७६ च्या राष्ट्रीयीकरणाने मालकी मिळवली. मुंबई हायच्या अभियंत्यांनी ताबा मिळवला. हिशेब मात्र लोकांनी कधीच मिळवला नाही, आणि समाजवादी चळवळीनेही तो पुरेशा जोराने मागितला नाही. ज्या मालमत्तेचा हिशेब लोकांना मिळत नाही, ती विकायला निघाली तेव्हा लोक तिच्या रक्षणाला धावले नाहीत, यात नवल ते काय?

मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक वाहिनीविषयीचा कोणताही करार, चालवण्याचा असो की तांत्रिक सेवेचा, सही होण्याआधी मराठीत लोकांपुढे ठेवला पाहिजे. वाहिनीच्या तपासणीचे आणि गळतीचे अहवाल ग्रामपंचायतीत आणि कोळीवाड्यात लागले पाहिजेत. वाहिनीवर कायम स्वरूपाचे काम करणारा कामगार कायम असला पाहिजे. जमिनीच्या वापराचा मोबदला १९६२ च्या मापाने मोजणे थांबले पाहिजे. आणि तोवर, हरकत घेण्याची २१ दिवसांची मुदत संपण्याआधी कार्यकर्ता त्या शेतकऱ्याच्या ओट्यावर पोहोचला पाहिजे.

या शहराने एकदा हे करून दाखवले आहे. समांतर जलवाहिनीचा करार कोणाच्या कृपेने रद्द झाला नाही. लोकांनी बिले वाचली, करारातली कलमे वाचली, सभागृहात आणि रस्त्यावर प्रश्न विचारले, तेव्हा चावी परत आली. ती परत आल्यावरही गारखेड्याचा नळ रोज वाहू लागला नाही, हे खरे. कारण चावी परत मिळणे हा निम्मा विजय असतो. उरलेला निम्मा, ती कोण कशी फिरवतो यावर रोज नजर ठेवण्याचा आहे. ते काम पाण्याच्या वाहिनीवर आजही बाकी आहे, आणि तेलाच्या वाहिनीवर अजून सुरूही झालेले नाही.